वीस मायक्रॉनचे डोंगर

अंगणात कोबा घातला की पहिला पावसाळा बिनघोर जातो. दुसराही बहुधा जातो. मग कधीतरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, श्रावण उलटता उलटता, त्याच कोब्यावर त्याच चपलेतला तोच पाय सर्रकन सटकतो. कोबा तोच आहे, पाऊसही दरवर्षी पडतो तितकाच आहे. मग मधल्या काळात बदललं काय?

कोकणात या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मिळतं: शेवाळ. उत्तर चूक नाही, पण त्यामागे जे दडलंय ते इतकं नवलाचं आहे की एका शब्दावर थांबणं मला तरी जड जातं. पाय घसरणार की टिकणार याचा निकाल केसाच्या जाडीपेक्षाही कमी उंचीत आणि डोळ्याची पापणी मिटायच्या आत लागतो. त्या एवढ्याशा जागेत भौतिकशास्त्र आहे, गवंड्याची थापी आहे आणि दोन अब्ज वर्षांहून जुनी एक सजीव वसाहतही आहे.

सुरुवात नुसत्या पाण्यापासून करू. ओल्या फरशीवर टाच टेकते तेव्हा ती फरशीवर टेकतच नाही, आधी पाण्यावर टेकते. ते पाणी बाजूला सरलं तरच चपलेचं रबर आणि सिमेंट यांची गाठ पडणार. पाण्याला सरायला वेळ किती लागतो? दोन सपाट पृष्ठभागांमध्ये अडकलेल्या द्रवाचं गणित व्हिएन्नाच्या जोसेफ स्टेफान याने 1874 मध्ये मांडलं. उष्णतेच्या प्रारणाच्या नियमात बोल्ट्झमनच्या जोडीने ज्याचं नाव घेतात तोच हा स्टेफान. त्याच्या सूत्रातली गोम अशी की पाण्याचा थर जसजसा पातळ होतो तसतसं त्याला आणखी पातळ करणं भयंकर अवघड होत जातं. थर निम्मा करायचा तर वेळ चौपट.

ढोबळ हिशेब करून पाहू. टाचेचा चार सेंटिमीटर व्यासाचा सपाट गोल भाग धरा, त्यावर चाळीस किलोचा भार धरा, खाली स्वच्छ पाणी. हा थर 20 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत दाबायला सेकंदाचा साधारण चारशेवा हिस्सा पुरतो. पण तोच थर 1 मायक्रॉनपर्यंत आणायचा म्हटलं तर जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. आणि आपल्याकडे सेकंद नसतो. टाच टेकल्यापासून शरीराचा भार तिच्यावर येईपर्यंत जेमतेम सेकंदाचा दहावा भाग मिळतो. तेवढ्यात पकड बसली तर बसली.

आता गुळगुळीत फरशी आणि खडबडीत फरशी यांतला फरक उलगडतो. आरशासारख्या पृष्ठभागावर शेवटचे काही मायक्रॉन पाणी हटायला तयार नसतं, त्यामुळे पाऊल त्या वेळापुरतं अक्षरशः तरंगत असतं. पण पृष्ठभागावर वीसेक मायक्रॉन उंचीची टोकं असतील तर सगळं पाणी हटण्याची वाट पाहावीच लागत नाही. टोकं थर फोडून वर येतात, रबरात रुततात आणि उरलेलं पाणी खालच्या दऱ्यांमध्ये निमूट पडून राहतं. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनात ओल्या पायवाटांसाठी शिखरापासून दरीपर्यंतचा खडबडीतपणा किमान 20 मायक्रॉन असावा असंच म्हटलंय. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपल्या कमरेचं हाड ज्या डोंगररांगेवर अवलंबून आहे तिची उंची केसाच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

द्रव दाट असेल तर हे डोंगर पुरत नाहीत. पाण्याच्या शंभरपट दाट तेल सांडलं, तर 20 मायक्रॉनपर्यंत पोचायलाच पाव सेकंद जातो. तोवर माणूस जमिनीवर. म्हणून गाडीचं तेल सांडणाऱ्या जागेसाठी याच संस्थेची अपेक्षा 70 मायक्रॉनच्या घरात जाते. हे आकडे लक्षात ठेवा, कारण शेवाळाकडे वळलो की ते पुन्हा लागणार आहेत.

पण आधी गवंड्याची थापी. ओलं काँक्रीट ओतून सपाट केलं की जड खडी-वाळू किंचित खाली बसते आणि पाणी वर सुटतं. हे पाणी उडून जाण्याची वाट न पाहता वरून थापी फिरवली, की पाणी, सिमेंट आणि बारीक धूळ यांचा एक कमकुवत पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. त्यातच आपल्या लोकांना चकाकी हवी असते. गवंडी वरून कोरडं सिमेंट भुरभुरवतो आणि लोखंडी थापीने दाबून दाबून घोटतो. घोटाई जितकी चांगली तितका गवंडी हुशार, अशी आपली पारख! स्वयंपाकघरात ती ठीक आहे. पण उघड्या अंगणात आपण पैसे देऊन त्या वीस मायक्रॉनच्या डोंगरांचं सपाटीकरण करून घेतो, आणि वर कौतुकही करतो. मातीचं अंगण चोपून, शेणाने सारवून वापरणाऱ्या आधीच्या पिढ्यांना पावसाळ्यात चिखल होता, घसरणही होती, पण अंगणाने चकाकावं ही हौस नव्हती.

तरी घोटलेला कोबासुद्धा पहिल्या वर्षी फारसा त्रास देत नाही, कारण त्यावर अजून कोणी राहायला आलेलं नसतं. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की त्याचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास भरतो. चुन्याच्या निवळीत कोण सुखाने जगणार? मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू त्यात मुरतो. काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि वरच्या थराचा सामू नऊच्या खाली उतरतो. ऊन-पावसाने घोटलेला पापुद्राही झिजतो, बारीक छिद्रं उघडी पडतात. दार उघडलं. एखादा दगड किंवा सिमेंट सजीवांना किती आसरा देतं याला ऑलिव्हिए गियिट या बेल्जियन शास्त्रज्ञाने 1995 मध्ये स्वतंत्र संकल्पनेचा दर्जा दिला. नव्या काँक्रीटचा हा गुण जवळजवळ शून्य असतो आणि वयाबरोबर वाढत जातो. दोन पावसाळ्यांच्या माफीचं रहस्य ते हे.

आणि जे राहायला येतात ते कोण आहेत पाहा. अंगणावरचा तो काळपट-हिरवा थर ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात खरी शेवाळं असतात, पण मोठा वाटा सायनोबॅक्टेरियांचा म्हणजे निळ्या-हिरव्या जीवाणूंचा असतो. पृथ्वीच्या हवेत सुमारे 2.4 अब्ज वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. शेजारच्या एखाद्या काकूंचा पाय ज्यावरून घसरला त्याच घराण्याच्या उपकारावर काकू श्वास घेतायत, हे त्यांना त्या क्षणी सांगू नये एवढंच.

उन्हाळ्यात हा थर काळा, कोरडा, पापडी धरलेला दिसतो आणि आपण समजतो की मेला. तो मेलेला नसतो. यांतल्या सायटोनिमा या तंतुमय प्रकाराच्या आवरणात सायटोनेमिन नावाचं पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य असतं. ते अतिनील किरण शोषून घेतं. कार्ल नेगेली याने त्याची पहिली नोंद 1849 मध्ये केली. भुवनेश्वर-कोणार्कच्या मंदिरांचे दगड काळे दिसतात त्यातही या मंडळींचा हात आहे. नॉस्टॉक हा दुसरा प्रकार तर आणखी चिवट. पावसात मोकळ्या जमिनीवर हिरवट-तपकिरी जेलीचे गोळे दिसतात ते त्याचेच. वनस्पतिसंग्रहात शंभराहून अधिक वर्षं कोरडे पडून राहिलेले नॉस्टॉकचे नमुने पाणी मिळताच पुन्हा वाढू लागल्याची नोंद आहे. मे महिन्याचं कोकणातलं ऊन त्यांना काय घाबरवणार! मृगाच्या पहिल्या सरीनंतर काही तासांत त्यांचा कारभार सुरू.

(जाता जाता: गडग्याच्या चिऱ्यांवर, नारळाच्या खोडावर, पाणथळ भिंतीवर जो केशरी-तांबूस मखमली थर दिसतो तो ट्रेंटेपोलिया. ते खरंखुरं हिरवं शेवाळच आहे, फक्त गाजरातल्या रंगद्रव्याच्या भावंडांनी त्याचा हिरवा रंग झाकलेला असतो. 2001 मध्ये केरळात लाल पाऊस पडला, तेव्हा पाण्यात सापडलेले बीजाणू याच कुळातले निघाले.)

घसरण्याशी यांचा संबंध त्यांच्या बुळबुळीतपणामुळे. प्रत्येक पेशी स्वतःभोवती साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचं आवरण विणते. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. फुगलेल्या आवरणात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. कोरड्या दिवसांसाठी केलेली ही बेगमी असते. आपल्या पावलाखाली मात्र ती दोन प्रकारे घात करते. एक म्हणजे हे पाणी मोकळं नसतं, बांधलेलं असतं. मघाचा तेलाचा हिशेब आठवा: दाट द्रव दाबून हटवायला वेळ कमी पडतो, आणि हा तर द्रवही नाही, सिमेंटला घट्ट धरून बसलेली जेली आहे. दुसरं म्हणजे ती डोंगरांमधल्या दऱ्या भरून टाकते. कोब्यावर खडबडीतपणा शाबूत असतो, पण त्याची शिखरं बुडालेली असतात. म्हणूनच मुसळधार पावसापेक्षा रिमझिमीनंतरची सकाळ जास्त दगा देते. वर पाणी दिसत नाही, आणि आतला थर मात्र पिऊन फुगलेला असतो.

इथे एक पेच उभा राहतो, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. पाय धरायला पृष्ठभाग खडबडीत हवा. पण खडबडीत पृष्ठभागावर ओल टिकते, धूळ साचते, बीजाणू अडकतात. ज्या खाचांनी पाण्याला वाट द्यायची त्याच खाचा शेवाळाला घर देतात. जांभ्याचंच बघा. फ्रान्सिस ब्यूकॅननने 1807 साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या या दगडाला लॅटेराइट नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून आपण त्याचे चिरे काढत आलो. जांभा सच्छिद्र असल्याने झिजला तरी आतली नवी छिद्रं उघडी पडतात, तो गुळगुळीत होत नाही. पाखाडीच्या पायऱ्यांना याहून चांगला दगड कोणता? तरी सावलीतली पाखाडी भाद्रपदात चढून बघा. छिद्रांतून ओल हटत नाही आणि हिरवळ पायरीवरही चढते.

पेच सुटतो तो खडबडीतपणाला दिशा दिल्यावर. नव्या काँक्रीटवर त्याचं साधन हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे: झाडू. सुटलेलं पाणी पृष्ठभागावरून दिसेनासं झालं, अंगठा दाबला तर जेमतेम ठसा उमटतो, अशा वेळी लाकडी रंध्याने सपाट करून त्यावरून ताठ केसांचा झाडू एकाच दिशेने ओढायचा. लोखंडी थापी त्यानंतर जवळही आणायची नाही. ओरखडे चालण्याच्या दिशेला आडवे हवेत, म्हणजे टाच पुढे सरकायला लागली की दर काही मिलिमीटरवर तिला एक कड आडवी येते. आणि आता वाटेलाच एका बाजूला थोडा उतार द्या, मीटरला दीड-दोन सेंटिमीटर पुरे. मग तेच आडवे ओरखडे पाण्याच्या दृष्टीने उताराच्या दिशेने धावणारे पन्हळ होतात. पाय अडतो, पाणी धावतं. एकाच रेघेने दोन कामं झाली, आणि लवकर वाळणाऱ्या जागेवर शेवाळाचाही जम बसत नाही.

दुसरी युक्ती साखरेची. सिमेंटला साखरेचं वावडं आहे. सिमेंटच्या वजनाच्या अवघी 0.05 टक्के साखर, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीला 25 ग्रॅम, पडली तरी ते घट्ट व्हायला काही तास उशीर करतं, आणि एक टक्क्याच्या घरात गेलात तर ते धरतच नाही म्हटलं तरी चालेल. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांवर चिकटून बसतात आणि ज्या बारीक स्फटिकमय जाळ्याने काँक्रीट दगड बनतं ते जाळं विणायलाच देत नाहीत. हा शत्रू कामाला लावता येतो. ताज्या काँक्रीटवर साखरेचं पाणी, किंवा त्याच तत्त्वावर चालणारं बाजारातलं रसायन फवारलं, की खालचं काँक्रीट घट्ट होतं आणि वरचे एक-दोन मिलिमीटर कच्चेच राहतात. दुसऱ्या दिवशी पाण्याने आणि ब्रशने ते धुऊन काढलं की खडीची डोकी उघडी पडतात. आपल्या जुन्या चुन्याच्या बांधकामात गूळ आणि बेलफळ घालत, त्याची रीत वेगळी, कारण चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन. गोडव्याने चुन्याला साथ दिली, सिमेंटला मात्र तो बाधतो.

उघड्या खडीबद्दल एक सावधगिरी. खडी मोठी दिसली म्हणजे पकड आलीच असं नाही. नदीतले गोल गोटे कोब्यात बसवलेली अंगणं फोटोत सुरेख दिसतात, पण प्रत्येक गोटा स्वतः गुळगुळीत असतो. रस्त्यांचे अभियंते दोन पोत वेगळे मोजतात: अर्ध्या मिलिमीटरहून मोठा तो पाणी वाहून नेण्यासाठी, त्याहून बारीक तो पाय धरण्यासाठी. गोट्यांमध्ये पहिला भरपूर असतो आणि दुसरा नसतोच.

आता बहुतेकांचा खरा प्रश्न: कोबा आधीच घोटलेला आहे, त्याचं काय? एक उपाय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जातं किंवा पाटा वापरून गुळगुळीत झाला की दळण नीट होत नाही, मग त्याला टाकी लावतात. काँक्रीटलाही टाकी लावता येते. दातेरी डोक्याच्या हातोड्याने किंवा यंत्राने वरचा पापुद्रा ठेचून काढला की खालची वाळू-खडी ताज्या कडांसह वर येते. धूळ उडते, आवाज होतो, पण पुन्हा घोटलं जाण्याची भीती नाही.

दुसरा उपाय विमानतळावरून आलेला. ओल्या धावपट्टीवर वेगात उतरणाऱ्या विमानाची चाकं पाण्याच्या थरावर उचलली जातात, ब्रेक लागतच नाहीत. टाचेखाली जे सेकंदाच्या अंशात घडतं तेच हे, फक्त प्रचंड प्रमाणात. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये आणि 1960 च्या दशकात अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात यावर काम झालं, आणि उत्तर निघालं ते धावपट्टीत आडव्या खाचा कापण्याचं. अमेरिकेत रूढ असलेली मापं अशी: साधारण 6 मिलिमीटर रुंद, तितक्याच खोल, 38 मिलिमीटर अंतरावर. हिऱ्याच्या पात्याने खाचा कापायची हीच पद्धत पुढे महामार्गांवर गेली, आणि तिथून पायवाटा, उतार, पोहण्याच्या तलावांचे काठ आणि गुरांच्या गोठ्यांतही. विमानासाठी केलेलं संशोधन गाईच्या खुरांखाली पोचलं, हा प्रवास मला फार भावतो.

खाचांवरून आठवलं: पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटांना आणि तळव्यांना सुरकुत्या पडतात त्या कातडी नुसती फुगल्यामुळे नव्हेत. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलाय त्याला सुरकुत्या पडत नाहीत, हे 1930 च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. म्हणजे शरीर त्या मुद्दाम पाडतं. कशासाठी? ओली वस्तू धरताना पाणी निघून जावं म्हणून, असं एक अनुमान आहे. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलल्या; पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात तसा फरक दिसला नाही. निकाल लागलेला नाही. पण आपल्या तळव्यांवरही पाण्याचे पन्हळ उगवत असतील, ही शक्यताच काय कमी आहे!

तिसरा उपाय वरून काहीतरी चिकटवण्याचा. एडवर्ड ॲचेसन हा अमेरिकन संशोधक 1891 मध्ये विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होता. हिरे काही झाले नाहीत, चमकदार काळसर स्फटिक मिळाले. ते होतं सिलिकॉन कार्बाइड, हिऱ्याच्या खालोखाल कठीण पदार्थांपैकी एक. त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. पायऱ्यांच्या कडांना लावतात त्या खरखरीत काळ्या पट्ट्यांत बहुधा हेच असतं, नाहीतर त्याच जातकुळीतलं ॲल्युमिनियम ऑक्साइड. साधी वाळूही चालते, कारण क्वार्ट्झसुद्धा पुरेसं कठीण आहे. ओल्या इपॉक्सीवर वाळू भुरभुरवायची, वाळल्यावर सुटी झाडून टाकायची. मात्र वाळू रुतलेली हवी. गुळगुळीत कोरड्या कोब्यावर सुटी वाळू टाकली तर तिचे कण पायाखाली गोळ्या होऊन फिरतात आणि घसरण वाढते. आणि एक विनंती: ओट्याला, पायऱ्यांना नुसता ऑइलपेंट लावू नका. लाल-पिवळा रंग देखणा दिसतो, पण काँक्रीटमध्ये उरलेले थोडेफार डोंगरही त्याखाली गाडले जातात.

ज्यांना यातलं काही करायचं नाही ते पावसाळ्यात अंगणातून विहिरीपर्यंत माडाच्या झावळ्या अंथरतात. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. आडवी पाती, मध्ये फटी, पाणी खाली, पाय वर. तत्त्व विमानतळाचंच. फक्त कुजायला लागली की ती झावळीही बुळबुळीत होते, तेव्हा बदलत राहावं.

शेवाळ काढायचं तर आधी खराटा आणि ताकद. त्यानंतर ब्लीचिंग पावडर. ती पाण्यात कालवून थरावर ओतली की क्लोरीनयुक्त द्रावण पेशी जाळतं. दहा-पंधरा मिनिटं ठेवून घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, तेही विहिरीच्या आणि झाडांच्या मुळांच्या बाजूला ओघळ जाणार नाही असं. काहीजण न्हाणीघरातलं ॲसिड ओततात. ते सिमेंटचा पापुद्रा विरघळवतं, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो हे खरं, पण काँक्रीटही खातं आणि सळया जवळ असतील तर त्यांनाही सोडत नाही. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावू नये. आणि काहीही झालं तरी ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ द्यायचं नाही, एकामागून एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तोच वायू.

सावली कमी करणं हा उपाय फुकटचा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. वरची एक फांदी उतरवून सकाळचं ऊन दोन तास पडू दिलं तर थर वाळून जातो.

इतकं केल्यावर जमीन सुरक्षित झाली का, हे मोजता येतं. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत पर्सी सिगलर याने इमारतींतल्या फरशांसाठी एक लंबक बनवला: टोकाला रबर लावलेला दांडा झोका घेतो, फरशीला घासून जातो, आणि घर्षणात जेवढी ऊर्जा गमावतो तेवढा पलीकडे कमी चढतो. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने तो उचलला, सुधारला आणि रस्त्यांवर नेला. आता तो पुन्हा फरशांवर परतलाय. ओल्या पृष्ठभागावर त्याचा आकडा 36 किंवा जास्त आला तर सरळ चालताना घसरण्याची शक्यता दहा लाखांत एक धरतात. 24 वर ती वीसात एक होते. फक्त बारा अंकांचं अंतर! जर्मनीत निराळीच तऱ्हा: बूट घातलेला माणूस तेल ओतलेल्या उतरणीवर चालत राहतो, उतार हळूहळू वाढवतात आणि तो घसरेपर्यंतचा कोन मोजतात. अर्थात त्याला वरून दोरीने बांधलेलं असतं. दुकानात टाइल्सवर आर 9 पासून आर 13 पर्यंत जे अंक दिसतात ते यातून येतात. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्याची वेगळी चाचणी आहे, तिच्या श्रेण्या ए, बी, सी. अंगणात अनवाणी वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी दुकानदाराला ती विचारावी.

शरीर आपल्या बाजूने बरंच काही करत असतं. सपाटीवर साधं चालायला घर्षणाचा गुणांक 0.2 च्या आसपास पुरतो. पाय तीन सेंटिमीटरपर्यंत घसरला तर बहुतेकदा आपल्याला कळतही नाही; दहाच्या पुढे गेला की सावरणं कठीण. आणि जमीन निसरडी आहे हे आधी ठाऊक असेल तर माणूस नकळत पाऊल आखूड टाकतो, तळवा सपाट ठेवतो. प्रयोगांत असं दिसलंय की नुसत्या या जाणिवेने लागणारं घर्षण 16 ते 33 टक्क्यांनी कमी होतं. अख्खं अंगण हिरवं असेल तर म्हातारी माणसंही निभावून नेतात. हाडं मोडतात ती बहुधा सीमेवर, जिथे खात्रीची जमीन संपून एखादाच ओला पट्टा लागतो: पागोळीखाली, नळाजवळ, तुळशीवृंदावनाच्या सावलीतल्या हातभर जागेत. म्हणून डागडुजी करताना अर्धं अंगण तसंच सोडू नये. फाटकापासून दारापर्यंतची वाट सलग करावी.

पायऱ्यांचं गणित थोडं वेगळं. उतरताना पायरीच्या कडेवर पडतो तो पावलाचा पुढचा भाग, टाच नव्हे. म्हणून खरखरीत पट्टी अगदी कडेलगत हवी, आणि पावसात गोंद सुटतो म्हणून नुसती चिकटपट्टी न लावता इपॉक्सीत बसवलेली हवी. पायरीच्या मधोमध लावलेली पट्टी दिसते छान, पण तिच्यावर पायच पडत नाही.